सिंधूचं मंडळ



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांच्या दवाखान्यात बायका डोकेदुखी, पित्त, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन यायच्या. बाई चिठ्ठी लिहायच्या आधी पेन खाली ठेवून विचारायच्या, ‘घरात कोण घेतं?’ पुष्कळदा उत्तर यायला वेळ लागायचा आणि त्याआधी डोळे भरून यायचे. आजचा विषय मी त्या प्रश्नावरून घेतला आहे. व्यसनी माणसाविषयी आपल्याकडे बरंच बोललं जातं. मला त्याच्या घरच्यांविषयी बोलायचं आहे, आणि त्यांनी एकत्र बसावं यासाठी जे गट चालतात त्यांच्याविषयी.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आलं. स्वतः गडकरी त्याच्या महिनाभर आधी गेले होते. बालगंधर्वांच्या सिंधूनं, म्हणजे नाटकातल्या दारुड्याच्या बायकोनं, महाराष्ट्राला रडवलं, आणि पतिव्रता कशी असावी याचा तो धडाच होऊन बसला. नवरा पायरी पायरीनं खाली जातो, ही मोलाचं दळण दळते, माहेरचा आधार नाकारते आणि मरतानाही पोलिसांसमोर त्याच्यावर आळ येऊ देत नाही. याच नाटकात दारुड्याची आणखी एक बायको आहे, तळीरामाची गीता. ती सोसत नाही, तोंड सोडते. प्रेक्षकांनी सिंधूला डोक्यावर घेतलं, गीतेला फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. नाटकात पिणाऱ्यांचं रीतसर मंडळ आहे, आर्यमदिरामंडळ. बसायला जागा आहे, सोबत आहे, म्हणणं ऐकून घेणारे चारजण आहेत. सिंधूला आणि गीतेला असं काहीही नाही. शंभर वर्षांनंतरही बहुतेक गावांत हीच स्थिती आहे. पिणाऱ्याला अड्डा आहे, बार आहे आणि सोडायची म्हटली तर काही ठिकाणी व्यसनमुक्ती केंद्रही आहे. त्याच्या बायकोला, आईला, बापाला, पोरांना बसायला जागा नाही.

माणसं किती आहेत ते पाहा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे, असं त्यात आढळलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाले होते. उरलेले ३७ जण कुठे असतात? घरात असतात. त्यांचा दवाखाना, पहारेकरी, सावकार आणि मार खाणारं अंग, ही सगळी कामं घरचीच माणसं करतात. एका माणसामागे घरात तीन माणसं धरली तरी आकडा कुठे जातो त्याचा हिशेब तुम्हीच करा.

घरच्यांच्या गटांची सुरुवात अमेरिकेत झाली आणि ती ऐकण्यासारखी आहे. १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोघा दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘एए’ म्हणतात ती चळवळ उभी राहिली. बिलची बायको लोईस. नवरा पीत होता तोवर नोकरी करून घर तिनं ओढलं. तो प्यायचा थांबला तेव्हा तिला वाटलं, आता सुख. पण तो रोज संध्याकाळी बैठकांना जाऊ लागला, आणि एकदा ‘चल लवकर, उशीर होतोय’ म्हणाला तेव्हा तिनं पायातला बूट काढून त्याच्या दिशेनं भिरकावला. दारू गेली होती, मग हा राग कसला, हा प्रश्न तिला स्वतःलाच पडला. पुढे एएचं मूळ पुस्तक लिहिताना बायकांसाठीचं प्रकरण लिहायला तिला मिळेल असं वाटलं होतं. तेही बिलनं स्वतःच लिहिलं, बायकोच्या तोंडून बोलल्यासारखं. लोईसला ते फार लागलं.

पुरुषांच्या बैठका चालायच्या तेव्हा बायका बाहेर गाडीत नाहीतर आत स्वयंपाकघरात थांबायच्या. तिथे त्या आपसात बोलू लागल्या. त्यातून जागोजागी कुटुंबांचे गट आपोआप तयार झाले होते. १९५१ मध्ये लोईस आणि तिची मैत्रीण अ‍ॅन यांनी अशा ८७ गटांना पत्रं पाठवली, आणि अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना उभी राहिली. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात एका शाळकरी मुलानं व्यसनी आईबापांच्या मुलांसाठी वेगळा गट सुरू केला, तो अलाटीन. आज मुंबईत, पुण्यात, गोव्यातही अल-अनॉनच्या बैठका भरतात. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. तिथे पहिल्या दिवशी जे सांगतात त्याचा गाभा असा: हे दुखणं तुझ्यामुळे आलं नाही, ते तुझ्या ताब्यात नाही आणि ते बरं करणं तुझ्या हातात नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या बाईला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ‘तुझ्या तोंडामुळे पितो’ असं सासर सांगत आलं आहे, तिच्यासाठी यातलं पहिलं वाक्यच केवढं मोठं आहे!

आणि हे नुसतं सासरच सांगत होतं असं नाही, शास्त्रही सांगत होतं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या थेल्मा व्हेलन या समाजकार्यकर्तीनं दारुड्यांच्या बायकांचे चार नमुने मांडले: दुःखच ओढवून घेणारी, नवऱ्यावर ताबा गाजवणारी, ठाम न राहणारी आणि शिक्षा करणारी. मतलब असा, की या बायकांच्या स्वभावातच खोट असते आणि म्हणून त्या असले नवरे निवडतात. पुढच्याच वर्षी जोन जॅक्सन या अभ्यासिकेचा लेख आला. ती सिएटलमध्ये अशाच बायकांच्या गटात तीन वर्षं बसली होती, त्यांचं बोलणं शब्दशः टिपत होती. तिला दिसलं ते वेगळंच. नवऱ्याचं पिणं वाढत जातं तसं घर एकेक टप्प्यातून जातं. आधी नाकारणं, मग लपवणं, मग ताबा मिळवायची धडपड, मग घराचा कारभार हातात घेणं. आज तोंड सोडणारी बाई तीन वर्षांपूर्वी मुकाट सोसत होती. म्हणजे सिंधू आणि गीता हे दोन स्वभाव नव्हेत, एकाच संकटातल्या दोन वेळा आहेत. मला यातली जमेची बाजू ही वाटते, की हे ज्ञान कुठल्या प्रयोगशाळेतून आलं नाही. बायका एकमेकींशी बोलत होत्या आणि एकीनं नीट ऐकलं, त्यातून आलं.

आपल्याकडे या कामाचं नाव काढलं की पुणं आठवतं. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं, ते पुलं आणि सुनीताबाईंनी वाचलं आणि त्यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या, संस्थेचा कणा त्याच. पेशंट घरी गेल्यावर ज्या माणसांत राहणार, ती माणसं सावरलेली नसतील तर उपचार अर्धेच राहतात, ही समज तिथे सुरुवातीपासून होती. पेशंटांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी समुपदेशकांनी हे काम मुक्तांगणकडे पाहून शिकून घेतलं.

आता बैठकीत काय चालतं ते सांगते. ज्या बायकांचं बोलणं सांगणार आहे त्यांच्या खुणा पुसूनच सांगते.

सतरंजी, भिंतीला टेकून बसलेल्या दहाबारा जणी, दाराशी चपलांचा ढीग. नवीन आलेली बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत असते. कुणी तिला बोल म्हणत नाही. शाळेत खिचडी शिजवणारी एक बाई म्हणाली, ‘सात वाजले की माझे कान फाटकाकडे लागतात. कडी एकदा वाजली तर बरं. दोनदा वाजली, म्हणजे हाताला सापडत नाहीये, की पोरं दप्तर उचलून शेजारी.’ दुसरी म्हणाली, ‘आमच्याकडे गाडीचं स्टँड. पहिल्या लाथेत लागलं तर भाकरी वाढायची, नाही तर झाकून ठेवायची.’ तिसरी म्हणाली, ‘आमच्यात खोकला.’ आणि सगळ्या हसल्या. मनापासून, पोट धरून हसल्या. नवी बाई पदर सोडून बघत राहिली. आपल्या घरातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. समुपदेशकानं तासभर समजावून हे झालं नसतं.

नियम थोडे आहेत. इथलं बोलणं इथेच राहील. एक बोलत असताना दुसरीनं मध्ये तोंड घालायचं नाही. आणि सल्ला द्यायचा नाही: ‘तू असं कर’ चालत नाही, ‘मी असं केलं’ चालतं. हा तिसरा नियम पाळायला सगळ्यात अवघड जातो, कारण या बायकांना आयुष्यभर सगळ्यांनी सल्लेच दिलेले असतात. माळ घाल त्याला. शपथ घालून बघ. एक मूल होऊ दे, जबाबदारी आली की सुधारेल. आणि त्याच्याही आधी मुलाच्या आईला कुणीतरी सांगितलेलं असतं, लग्न करून टाका त्याचं, म्हणजे मार्गाला लागेल. त्या सल्ल्यापायी एक मुलगी या घरात आलेली असते. म्हणून सासू आणि सून यांना सुरुवातीला एका बैठकीत बसवू नये, असं माझं मत आहे. सासू समोर असली की सून बोलत नाही, आणि सून समोर असली की आई स्वतःच्या मुलाची बाजू सोडत नाही. आईचं दुःख वेगळं असतं. आपलं दूध, आपले लाड, आपलं काय चुकलं, यातच ती फिरत राहते. तिला दुसरी आई भेटली पाहिजे. काही महिन्यांनी दोघींना एकत्र आणता येतं, आणि मग घरातलं वारं खरोखर बदलतं.

बापमाणसं येतात ती बहुधा गांजा किंवा गोळ्या घेणाऱ्या मुलांसाठी. ते पैशांबद्दल बोलतात. किती गेले, कुणाचे परत केले. रडू येतं ते तिसऱ्या-चौथ्या बैठकीत.

बैठकीत शिकण्यासारखं असतं ते असं. नवऱ्याच्या साहेबाला ‘ताप आलाय’ असा फोन आपण करायचा थांबवायचा. बारवाल्याची उधारी आपल्या पगारातून फेडायची नाही. त्याच्या वागण्यावर घातलेलं पांघरूण त्यालाच पिण्याची सोय करून देतं, हे एकमेकींच्या अनुभवातून उमगतं. पण यात आंधळा कठोरपणाही नको. ‘पडू दे त्याला दारात’ असं काहीजण सांगतात. शुद्ध हरपलेला माणूस उताणा पडला तर उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. त्याला कुशीवर वळवायचं, श्वास बघायचा, हाक मारून उठेना तर दवाखान्यात न्यायचं. त्याला शुद्धीवर आणून भांडण करणं मात्र आपल्या अंगावर नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू बंद करणं हेसुद्धा घातक आहे. दोनतीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, प्रसंगी मृत्यू ओढवतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे.

आणि ती पावडर. एसटी स्टँडवरच्या भिंतींवर, छोट्या जाहिरातींत तुम्ही वाचलं असेल: न सांगता दारू सोडवा. जेवणातून, चहातून द्यायची. काही वेळा तिच्यात नुसता चुना-मातीचा भुगा असतो, तेव्हा फक्त पैसे जातात. पण काही घरांत डायसल्फिरामची गोळीच कुटून दिली जाते. हे खरं औषध आहे. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि लगेच पुढे विघटन पावतं. डायसल्फिराम हे पुढचं विघटन थांबवतं, त्यामुळे प्यायल्यावर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला ठाऊक असेल, त्यानं स्वतः कबूल केलं असेल, तर ही भीती त्याला आवरते. ठाऊक नसेल तर तो नेहमीसारखी क्वार्टर घेतो आणि जीव गमावू शकतो. बायको हे करते ती त्याच्या जिवावर उठून नव्हे, हताश होऊन. ‘तुम्ही आधी सांगितलं असतं तर,’ असं एक बाई बैठकीत म्हणाली. पुढचं वाक्य तिला बोलवलं नाही. दर बैठकीत या पावडरीबद्दल बोललंच पाहिजे, असा आग्रह मी तेव्हापासून धरते.

आता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. बायको बैठकीला आली, म्हणून नवऱ्याची सुटते का?

याला प्रामाणिक उत्तर आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये विल्यम मिलर, रॉबर्ट मायर्स आणि सहकाऱ्यांनी १३० कुटुंबीयांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये छापून आला. या सगळ्यांच्या घरातला पिणारा माणूस उपचाराला तयार नव्हता. काहींना अल-अनॉनच्या वाटेनं नेलं, काहींना सगळ्यांनी मिळून पिणाऱ्याला समोर बसवून सुनावायची पद्धत शिकवली, आणि काहींना मायर्सनं घडवलेली तिसरी पद्धत. तिच्यात घरच्यांना शिकवतात की तो शुद्धीत असेल तेव्हा त्याला गोडीनं वागवा, प्यायलेला असेल तेव्हा बाजूला व्हा, परिणाम त्याचे त्याला भोगू द्या आणि उपचाराचा विषय योग्य वेळ साधून काढा. या तिसऱ्या पद्धतीनं १०० पैकी ६४ घरांतला माणूस उपचाराला आला. सुनावण्याच्या पद्धतीनं ३०, आणि अल-अनॉनच्या वाटेनं १३.

हे आकडे दाखवून काहीजण मला सांगतात, बघा, तुमचे गट कुचकामी. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली. तिन्ही ठिकाणच्या घरच्यांची स्वतःची अवस्था, त्यांचा राग, नैराश्य, घरातला ताण, साधारण सारखीच सुधारली. मग तो उपचाराला येवो न येवो. मला आज जे सांगायचं आहे ते हेच. झोप न लागणारी बाई झोपायला लागली, पोरगं शाळेत लक्ष द्यायला लागलं, तर तो उपचार पूर्ण झाला. त्याची किंमत नवऱ्याच्या बाटलीवरून ठरवू नका. तिचं दुखणं तिचं आहे, तिला औषध तिच्यासाठी मिळालं पाहिजे. मायर्सचं तंत्रही शिकवावं, मी स्वतः शिकवते, आणि माणसं उपचाराला येतात तेव्हा आनंद होतोच. पण ‘तो सुधारला तरच तू बरी’ या बोलीवर कुठल्याही बाईला बैठकीत बोलावू नये. तो सुधारला नाही तर ती पुन्हा अपराधी होते आणि यायची बंद होते.

जिम ऑरफोर्ड, रिचर्ड व्हेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये, मेक्सिकोत, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत व्यसनी माणसांच्या घरच्यांशी बोलून हेच मांडलं. ही साधी माणसं आहेत, एका दीर्घ ताणाखाली जगणारी. आपण कोलमडलो नाही हीच त्यांची कमाई. जगात अशी किमान १० कोटी प्रौढ माणसं असावीत असा त्यांचा अंदाज आहे आणि तो त्यांनी हात राखूनच केला आहे. त्यांच्या पद्धतीत ऐकून घेणं, माहिती देणं, घरची व्यक्ती कशी निभावते ते तपासणं, तिला आधार कुठे मिळेल ते शोधणं अशा पायऱ्या आहेत. व्हेलमन आणि अभिजित नाडकर्णी यांनी गोव्यात ‘संगथ’ संस्थेत ही पद्धत आपल्याकडच्या घरांना बेतून घेतली. तिथे हे काम डॉक्टर करत नाहीत. प्रशिक्षण घेतलेली साधी स्थानिक माणसं करतात. आपल्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ नाही म्हणून हात बांधून बसण्याचं कारण त्यामुळे उरत नाही.

दोन गोष्टी या गटांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. पहिली मारहाण. ज्या घरात हाडं मोडतात तिथे ‘तू स्वतःत बदल कर’ हे सांगणं अन्याय आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. गट चालवणाऱ्या बाईला आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा फोन पाठ पाहिजे. दुसरी गोष्ट दुकानाची. आपल्या बायकांनी मतदानात ‘बाटली आडवी’ करून दारूची दुकानं बंद पाडली, गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाभर दारूबंदी आहे. त्या लढ्याचा मला अभिमान आहे. मतदानाच्या दिवशी शेकडो बायका रांगेत एकत्र उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी रात्री मात्र प्रत्येक बाई आपल्या घरात एकटी असते. ज्या गावांनी हा लढा दिला तिथे एकत्र यायची सवय आधीच आहे, बैठक तिथे सगळ्यात लवकर रुजेल.

शेवटी कामाचं बोलते. बैठक संध्याकाळी नको, ती तो घरी यायची वेळ असते. दुपारी तीनच्या सुमारास ठेवा. गटारीच्या, होळीच्या, हळदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत बैठक रद्द करू नका, उलट एक जादा ठेवा. दारावर ‘व्यसनमुक्ती’ असा फलक नको. बाई एरवी जिथे जाते, अंगणवाडी, वाचनालय, बचत गटाची खोली, तिथेच बसा. मुलांना बाहेर खेळायला पाठवून देऊ नका. त्यांच्याशी बोलणारं एक माणूस वेगळं नेमा, कारण सगळ्यात जास्त त्यांनी पाहिलेलं असतं. ज्यांना यायला जमणार नाही त्यांना १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन क्रमांक द्या. तो घरच्यांसाठीही आहे.

व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी या सभागृहामागची वाचनालयाची खोली दर बुधवारी दुपारी मोकळी ठेवायचं मान्य केलं आहे. मला किल्ली सांभाळणाऱ्या दोघीजणी हव्या आहेत. दोघी अशासाठी की एक आजारी पडली तर खोली बंद राहता कामा नये. ज्यांना जमेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावं. कारण विचारणार नाही.